राइशस्टागच्या भिंती
आज बर्लिनला राइशस्टाग, म्हणजे जर्मन संसदेची इमारत बघितली, आधी ऑनलाइन नाव नोंदवावं लागतं पण तिकीट शून्य. वरचा काचेचा घुमट आर्किटेक्ट नॉर्मन फॉस्टरचा, १९९९ चा, पब्लिक तिथेच सेल्फी काढत बसतं. मला मात्र खालच्या भिंतींनी धरून ठेवलं. १९४५ ला बर्लिन पडलं तेव्हा सोव्हिएत सैनिकांनी कोळशाने नि खडूने भिंतभर आपली नावं, गावं, तारखा लिहिल्या, आपल्या गडांवर पोरं लिहितात ना अगदी तसंच, आणि जर्मनांनी ते चक्क जपून ठेवलंय, खासदार त्याच्यासमोरूनच ये-जा करतात! मध्यंतरी काहींनी पुसायची मागणी केलेली, संसदेने ती फेटाळली. जिंकणाऱ्याच्या सह्या स्वतःच्या संसदेत ठेवायच्या म्हणजे जिगर लागते राव. त्यातल्या शिव्या तेवढ्या पुसल्यात म्हणे, तेही रशियन वकिलातीला विचारून.