कॅमेऱ्याचा पासंग

पहिल्या संध्याकाळी मी स्टॅबिलायझरची, म्हणजे चालताना कॅमेरा हलू नये म्हणून वापरायच्या दांड्याची, मूठ एका हातात धरली, दुसऱ्या हाताने कॅमेरा सोडला आणि सगळा जामानिमा खाली डोकं वर पाय करून लटकला. कॅमेरा खाली, वजनं वर. लेन्स गुडघ्यावर आपटली. गुडघ्याला काही झालं नाही, लेन्सच्या कडेचा मात्र बारीक टवका उडाला, तो आजही दिसतो.

माझा स्टॅबिलायझर विजेच्या मोटरवर चालणारा नाही. त्याला बॅटरी नाही, बटण नाही. एक उभी, आत-बाहेर सरकणारी नळी, तिच्या डोक्यावर कॅमेरा बसवायची सरकती प्लेट, खालच्या टोकाला आडवी पट्टी आणि पट्टीच्या दोन्ही टोकांना चकत्यांची वजनं. कॅमेऱ्याच्या जरा खाली, नळीवर, सगळीकडे मोकळा फिरणारा सांधा, म्हणजे गिंबल. मूठ त्यालाच जोडलेली. मनगट कसंही वळलं तरी ते वळण या सांध्यातच जिरतं, नळीपर्यंत पोचत नाही. बाकी सगळं तोलावर. सोबतच्या कागदावर चार चित्रं होती आणि चौथ्या चित्रातला माणूस हसत होता.

कॅमेरा उलटा झाला म्हणजे वरची बाजू जड झाली, मग खाली वजन वाढवा, असं मी सरळ गणित मांडलं. होत्या नव्हत्या तेवढ्या चकत्या चढवल्या, दोन्हीकडे पाच-पाच. कॅमेरा खांबासारखा ताठ उभा राहिला. झालं की, म्हणत मी पॅसेजमधून दोन चकरा मारल्या. मग फुटेज पाहिलं. बोटीवरून काढल्यासारखं! पहिलं पाऊल टाकलं की कॅमेरा मान खाली घालतोय, थांबलं की वर बघतोय, आणि मग दोन-तीन झोके घेऊन शांत होतोय. नुसता हातात धरून काढलं असतं तर बरं, असं वाटलं.

इथे माझी खरी चूक होती. मी गवंड्याचा ओळंबा तयार केला होता. ओळंबा उभ्या उभ्या झकास असतो. दोरी धरून चालायला लागा, मग बघा. आपण पुढे निघालो की खालचं जड टोक मागे रेंगाळतं, म्हणून कॅमेरा पुढे झुकतो. आपण थांबलो की तेच टोक पुढे धावतं. तळ जितका जड, तितका झोका मोठा. याच्या उलट, सगळ्याचा गुरुत्वमध्य अगदी सांध्यावर आणला तर झोका उरत नाही, पण मग उभं राहायचं कारणही उरत नाही. कॅमेरा जिथे सोडाल तिथे कलून राहील. म्हणून गुरुत्वमध्य सांध्याच्या किंचितसाच खाली हवा. अगदी नावापुरता.

हे ‘किंचित’ मोजायची रीत सोपी आहे. मूठ पक्की धरायची, नळी आडवी करायची आणि सोडायची. आडवी नळी उभी व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचं. दोन ते तीन सेकंद लागले तर ठीक. याला ड्रॉप टाइम म्हणतात. मी मोबाईलवर व्हिडिओ काढून मोजलं तेव्हा माझा आला पाऊण सेकंद. नळी उभी होत नव्हती, धाडकन पडत होती.

दुसऱ्या संध्याकाळी सगळं काढून पहिल्यापासून बसलो. आधी कॅमेरा शूटिंगच्या वेळी जसा असेल अगदी तसा सजवला. पट्टा काढला, लेन्सचं झाकण काढलं, बाहेर उघडणारी स्क्रीन उघडली, माइक लावला. झूम केल्यावर माझी लेन्स लांब होते आणि तोल पुढे जातो, म्हणून झूमची रिंग ठरल्या जागी चिकटपट्टीने बांधून टाकली. (बॅटरी पूर्ण भरलेली हवी का, असाही विचार मी पाच मिनिटं केला. चार्ज संपला म्हणून बॅटरी हलकी होत नाही, हे शाळेत शिकलेलं अशा वेळी आठवत नाही.) मग कॅमेरा एका गोल पेन्सिलीवर आडवा ठेवून पुढेमागे सरकवला आणि जिथे तो क्षणभर तोलून राहिला तिथे पेन्सिलीची रेघ मारली. ती रेघ तळाच्या स्क्रूच्या भोकापासून बोटभर पुढे निघाली, लेन्सच्या दिशेने. मी भोक नळीच्या बरोबर मध्यावर आणत होतो आणि वर त्या कॅमेऱ्यालाच नावं ठेवत होतो.

मूठ हातात धरून तोल साधायचा नाही, हेही त्याच दिवशी कळलं. हात दमतो, थरथरतो, आणि कललंय ते स्टॅबिलायझर की आपण, हेच समजत नाही. मी मूठ जुन्या ट्रायपॉडच्या दांड्यावर उभी बसवली. तरी कॅमेरा एका बाजूला हळूहळू वळत राहिला. प्लेट डावीकडे सरकवली, उजवीकडे सरकवली, सांध्याचे स्क्रू सैल-घट्ट करून पाहिले. अर्ध्या तासाने वर पाहिलं तर डोक्यावर पंखा चालू. पंखा बंद करताच कॅमेरा शहाण्यासारखा थांबला.

आता सरळ आहे की नाही हे कसं बघायचं? बुडबुड्याची बारकी पाणसळ कॅमेऱ्यावर ठेवून बघितली, पण तीही वजनच. काढली की तोल बदलतो. शेवटी समोर बसून नळी दाराच्या चौकटीच्या उभ्या कडेशी ताडून पाहिली. आधी पुढे-मागे, मग डावी-उजवी.

मग चकत्या काढायला घेतल्या. प्रत्येक वेळी दोन्हीकडची एकेक, नंतर पुन्हा आडवं करून सोडायचं. चार-चारवर सेकंदाच्या आसपास, तीन-तीनवर दीड. दोन-दोनवर कॅमेरा परत उलटा, पण यावेळी हात खाली तयार होता. म्हणजे तीनच्या खाली जायचं नाही आणि तीनवर वेळ कमी पडतोय. अशा वेळी नळी कामाला येते. तीन-तीन चकत्या ठेवून नळी थोडी आत ढकलली की खालचं वजन सांध्याजवळ येतं आणि वेळ वाढतो. बोटाच्या पेराएवढी आत ढकलल्यावर अडीच सेकंद मिळाले. पडताना बघायलाच छान वाटतं. काहीतरी आठवून सावकाश उठावं तशी नळी उभी होते.

एक गोष्ट त्या कागदात नव्हती. ड्रॉप टाइम वाढवला की आधी साधलेला आडवा तोल, म्हणजे पुढे-मागे आणि डावी-उजवीचा, बिघडतो. म्हणजे तो आधीच थोडा चुकलेला असतो, पण जड तळ ती चूक दाबून ठेवतो. पाऊण सेकंदाला प्लेट एक मिलिमीटर सरकली तर डोळ्याला कळतही नव्हतं. अडीच सेकंदाला तेवढ्याच सरकण्याने कॅमेरा स्पष्ट कलतो. त्यामुळे क्रम असा लागतो: आडवा तोल ढोबळ, मग ड्रॉप, मग पुन्हा आडवा तोल, यावेळी बारकाईने. शेवटची दुरुस्ती मी प्लेट बोटाने ढकलून केलीच नाही. स्क्रू किंचित सैल करून नखाने टिचकी मारायची आणि परत आवळायचा. स्क्रू आवळतानाही प्लेट केसभर हलते, तेव्हा आवळल्यावर पुन्हा बघायचं. यात संध्याकाळ गेली.

चकत्या पट्टीच्या अगदी टोकांना नेल्या की कॅमेरा डावी-उजवीकडे वळायला जड होतो आणि आपोआप वळत नाही, हा फायदा जाता जाता सापडला. शेवटी नळीला अलगद गोल फिरवून पाहिलं. लेन्स हेलकावे न घेता सपाट फिरली, तेव्हा उठलो.

तिसऱ्या दिवशी चाललो. जड तळाचा झोका गेला होता, पण वळताना नळी भरकटायची. मी दुसऱ्या हाताने नळी मुठीत धरत होतो, म्हणजे हाताची सगळी थरथर परत कॅमेऱ्याला देत होतो. सांध्याच्या लगेच खाली अंगठा आणि दोन बोटं, तीही कबुतराचं पीस धरावं इतकी हलकी. वळवायचं नाही, फक्त सुचवायचं. आणि थांबताना तीच बोटं जरा जास्त जवळ.

एवढं करूनही प्रत्येक पावलाला दृश्य वर-खाली होतच होतं, आणि मी परत तोल तपासायला बसणार होतो. पण तो दोष तोलाचा नाही. सांधा फक्त कलणं आणि वळणं अडवतो. अख्खा कॅमेरा वर-खाली झाला तर तो काही करू शकत नाही. अमेरिकेत गॅरेट ब्राउन यांनी १९७० च्या दशकात स्टेडिकॅम नावाचा स्टॅबिलायझर बनवला, त्यात याच कामासाठी स्प्रिंगचा हात आणि अंगावर चढवायचं जाकीट होतं. माझ्या हातातल्या धाकट्या भावंडात ते दोन्ही नाही, तेव्हा स्प्रिंग मीच व्हायचं: गुडघे थोडे वाकवून, आधी टाच मग चवडा, कोपर सैल. लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सला हे पुरत नाही, रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्सला बऱ्यापैकी पुरतं.  कोपर सैल ठेवून दोन मिनिटांच्या वर मला अजूनही जमत नाही. खांदा भरून येतो.

आता प्लेटवर आणि नळीवर नेलपॉलिशच्या बारीक रेघा आहेत, एका लेन्सची लाल, दुसरीची पांढरी. रेघेला रेघ जुळवली की पाच मिनिटांत काम होतं. मागच्या आठवड्यात माइक घरी विसरला. कॅमेरा लगेच मागे कलला, ड्रॉपही झरझर. किल्ल्यांचा जुडगा चिकटपट्टीत घट्ट गुंडाळला आणि माइकच्या जागी बांधला. एक किल्ली काढावी लागली, मग तोल बसला. आवाज दुसऱ्या दिवशी वेगळा रेकॉर्ड केला.