मोताळ्याच्या घाटातली भेग: सावली दुपारी एकनंतर, चार नंबरचे दोन फ्रेंड हवेतच

आधी निकाल सांगतो. आम्ही कातळ चढायला गेलो होतो ती भेग, म्हणजे कड्यातली उभी चीर, अव्वल आहे. एकही बोल्ट न मारता, फक्त फ्रेंड (चिरेत पाकळ्या उघडून अडकणारं, दोरी अडकवायचं साधन) आणि नट (चिरेत रुतवायची धातूची पाचर) लावत तळापासून माथ्यापर्यंत जाता येईल अशी सलग बावीस मीटरची भेग मी विदर्भात दुसरी चढलेलो नाही. पण आम्हाला मिळालेल्या माहितीतल्या तीन गोष्टी साफ चुकीच्या निघाल्या. भिंत उत्तरेला तोंड करून आहे, दिवसभर सावली असते, हे एक. भेग पूर्ण हाताच्या मापाची, म्हणजे तळहात आत घालून अडकवता येईल एवढी आहे, हे दुसरं. वर बोल्ट आहेत, हे तिसरं. या तिन्हींवर विसंबून आम्ही गेलो आणि पहिला दिवस वाया घालवला. सांगणारा अनुभवी माणूस आहे, त्याने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण न चढलेल्या भिंतीबद्दल इतक्या खात्रीने बोलू नये.

जागा बुलढाणा जिल्ह्यात, घाटाखाली, मोताळा तालुक्यात. गावाचं नाव लिहीत नाही, कारण वाट एका मालकीच्या शेतातून जाते आणि शेतवाल्या आजोबांनी गर्दी नको म्हणून सांगितलंय. ज्याला खरंच जायचंय त्याने मला विचारावं, सांगेन. भिंतीचा पायथा वनखात्याच्या हद्दीला लागून आहे, तेव्हा वनरक्षकाला आदल्या दिवशी भेटा. आम्ही भेटलो, त्याने नावं लिहून घेतली आणि अस्वलांबद्दल बजावलं. बोथ्याकडच्या ज्ञानगंगा अभयारण्यात मात्र असले उद्योग करू नका.

सावलीची चूक कशी झाली ते कळलं. अजिंठ्याच्या डोंगररांगेची इथली कड पूर्णेच्या खोऱ्याकडे, म्हणजे उत्तरेला उतरते. नकाशा पाहिला की कुणीही म्हणेल, उत्तरेची भिंत, ऊन येणार नाही. पण ही भेग मुख्य कडेवर नाहीच. कडेतून एक सोंड खाली येते, तिच्या पूर्वेच्या अंगाला ती आहे. सूर्य उगवला की थेट तिच्यावर. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, पहाटे शेकोटीशिवाय बसवत नव्हतं, आणि सकाळी दहाला त्या काळ्या पाषाणाला तळहात लावला तर तव्यासारखा. विदर्भाबाहेरच्या माणसाला हिवाळ्यात ऊन लागतं हे पटत नाही. इथे लागतं, आणि भेगेत हात घालून लटकताना तर फार लागतं. हँड जॅममध्ये अंगठा तळव्यात दुमडून हात फुगवायचा, त्या दाबावर सगळा भार. तळवा घामाने ओला झाला की तो दाब टिकत नाही. हात कोरडे ठेवायचा खडू घासून घासून पिशवी अर्धी झाली, आणि आठव्या मीटरवर उजवा हात साबणाच्या वडीसारखा सुटला. पिवळ्या, म्हणजे दोन नंबरच्या फ्रेंडवर आलो, अडीच मीटर पडून. फ्रेंड चांगला बसला होता, मावसभावाने दोरी नीट धरली. डाव्या मनगटाची कातडी गेली, बाकी काही नाही. पण चूक ऊन निवायची वाट न पाहण्याची होती आणि ती आम्ही केली. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला हात घातला तर तीच भेग वेगळी वाटली. दगड कोमट, हात कोरडा.

म्हणून: एकच्या आधी भिंतीला हात लावू नका. पावणेसहाला सूर्य मावळतो, म्हणजे हातात चार-साडेचार तास. दोन दोऱ्यांची, म्हणजे दोन जोड्यांची पार्टी नेली तर अंधार होईल. फेब्रुवारीनंतर जायचंच नाही.

आता मधला टप्पा, ज्यासाठी हे सगळं लिहितोय. सुरुवातीचे नऊ मीटर मस्त आहेत, त्यावर काही सांगण्यासारखं नाही. पिवळा, निळा, पिवळा लावत जा. नंतर भेग पोट काढते. जेमतेम साडेतीन मीटर, पण तिथे ती जवळपास नऊ सेंटिमीटर रुंद होते आणि भिंत किंचित अंगावर येते. तळहात सैल, मूठही सैल, खांदा जात नाही. तीन नंबरचा निळा फ्रेंड तिथे पाकळ्या पूर्ण उघडून टोकांवर उभा राहतो. हाताने हलवला तर फिरतो. अशा फ्रेंडला मी संरक्षण म्हणत नाही. पहिल्या दिवशी आमच्याकडे चार नंबरचा एकही नव्हता, कारण ‘हाताच्या मापाची आहे’ असं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी मावसभाऊ पहाटेच्या एसटीने निघून ओळखीच्यांकडून दोन घेऊन आला. एक पोटाच्या तळाला, एक मध्यावर. मधला हाताने वर सरकवत नेला तरी चालतो, पण तळाचा जागेवर सोडाच.

चढायची युक्ती अशी. डावा हात मुठीने नाही, आडवा घालायचा: तळवा एका बाजूला, मनगटाची मागची बाजू दुसऱ्या बाजूला, आणि पिळायचा. उजवा पाय भेगेत टाचेपासून बोटांपर्यंत तिरका अडकवायचा. पोटाच्या मध्यावर उजव्या हाताला, भेगेच्या बाहेर, काडेपेटीएवढी एक कड आहे. खालून दिसत नाही, चाचपडून सापडते. त्या कडेवर बोटं टेकली की डावा पाय नीट अडकतो आणि एक श्वास घेता येतो. मी तिथे मिनिटभर थांबलो. नाकासमोर दगडात पांढऱ्या स्फटिकांचा एक खळगा होता, आत कोळ्याचं जाळं, त्यावर मातीचा थर. कॉलर ओली झाली होती. मग पाय उचलला आणि वर हात सरळ हाताच्या मापात गेला, करकचून. त्या क्षणी मी ओरडलो, ते ओरडायला नको होतं, कारण पुढे सांगतो. अवघडपणाच्या अमेरिकन श्रेणीत माझ्या मते भेग एरवी ५.९ आणि पोटात ५.१०. कुणी सोपी म्हणेल, त्याचे हात मोठे असतील.

माप एकसारखं राहील असं आम्ही गृहीत का धरलं? मावसभाऊ आणि मी वर्षानुवर्षं अमेरिकेच्या युटामधल्या इंडियन क्रीकचे फोटो बघत आलोय. तिथल्या विंगेट वालुकाश्मात भेगा लांबच लांब एकाच मापाच्या जातात, म्हणून लोक एकाच मापाचे सहा-सहा फ्रेंड घेऊन चढतात. तिथली सुपरक्रॅक १९७६ मध्ये अर्ल विगिन्स यांनी चढली तेव्हा फ्रेंड बाजारात यायचे होते, ते १९७८ मध्ये आले. त्यांनी हेक्स, म्हणजे धातूचे षटकोनी ठोकळे, अडकवत ती चढली. हे वाचून आमच्या डोक्यात भेग म्हणजे फूटपट्टीने आखलेली असं बसलं. आपला दगड तसा नाही. लाव्हा थंड होताना आकसून तडकला, त्या या भेगा. प्रत्येक थराची तड वेगळी, आणि दोन थरांच्या मध्ये मऊ, मुरमाड पट्टा. पोट नेमकं थर बदलतो तिथे आहे. तिथली उजवी कड ठोकून बघा, पोकळ आवाज येतो. तिच्यामागे फ्रेंड लावू नका, पाकळ्या उघडल्या की कडच बाहेर ढकलली जाईल.

मोहोळ. हे वाचल्याशिवाय जाऊ नका. भेगेच्या डावीकडे, साधारण पंधरा मीटर लांब, पुढे आलेल्या छपराखाली आग्या मोहोळाची तीन पोळी आहेत. दोन रिकामी, एक भरलेलं. आजोबांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “कोनं सांगतलं तुमाले इकडं यायले? मोहोळ हाये ना तिकडं.” आम्ही मान डोलावली आणि पुढे गेलो. मी ओरडलो तेव्हा पोळ्यावर काळी लाट गेल्यासारखं झालं. खालून मावसभावाला दिसलं, मला नाही. सुदैवाने तेवढ्यावर थांबलं. आग्या माशी एकीने डंख मारला की त्या वासावर बाकीच्या येतात, आणि दोरीवर लटकलेल्या माणसाला पळता येत नाही. तेव्हा ओरडणं नाही, अत्तर-बॉडी स्प्रे नाही, पायथ्याला विडी-सिगारेट किंवा चूल अजिबात नाही. दोरी पन्नास मीटरचीच न्या, म्हणजे कुठूनही एका झटक्यात जमिनीवर उतरवता येतं. बिले करणाऱ्याने, म्हणजे खालून दोरी धरणाऱ्यानेही अंगभर कपडे घालावेत. भरलेलं पोळं भेगेच्या जवळ सरकलेलं दिसलं तर त्या दिवशी परत फिरा. अस्वलासाठी मात्र आवाज करत जावं लागतं, म्हणून तो शेतापासून ओढ्यापर्यंतच करा, ओढ्याच्या पुढे गप्प.

माथ्यावरचे ‘बोल्ट’ म्हणजे एकच आहे, गंजून नारिंगी झालेला, बोटाने हलतो. सोडून द्या. कडेपासून सहा मीटर मागे अंजनाचं मांडीएवढं झाड आहे. आम्ही दहा मीटरची जाड दोरी त्याला गुंडाळून, जोडीला आडव्या चिरेत दोन फ्रेंड लावून अँकर, म्हणजे दोरीचा पक्का आधार, केला. कड धारदार आहे, दोरीखाली घालायला पोतं न्या. आमच्याकडे नव्हतं, बॅग वापरली, ती फाटली. उतरायला उत्तरेची घळ धरा. मुरूम सुटा आहे, एकामागे एक उतरू नका.

चालत जायची वाट कपाशीतून आणि मग कुसळी गवतातून. ते गवत मोज्यातून आत शिरतं, हाताला गुंडाळलेल्या टेपच्या घडीत शिरतं, दोरीच्या विणीत शिरतं. दोरी पिशवीतच ठेवा, गवतावर मोकळी करू नका. आम्ही घरी येऊन दोन तास चिमट्याने कुसळं उपसली.

पाणी माणशी पाच लिटर. घाटाखालचा बराच भाग खारपाणपट्ट्याला लागून आहे. हापशाचं पाणी आम्ही प्यायलो आणि तहान वाढली. मलकापूर स्टेशनबाहेर जारचं पाणी भरून घ्या.

गाडीवाल्याने लुटलं, तेही सांगतो. जाताना काळीपिवळीवाल्याने ३०० घेतले. परतीला तोच आला, अंधार झालाय, सामान जास्त आहे म्हणून १,२०० म्हणाला, आणि आम्ही दिले, कारण शेवटची एसटी गेली होती आणि माझ्या बोटांनी पाकीट उघडत नव्हतं. परतीचा भाव सकाळीच ठरवा आणि अर्धेच पैसे आधी द्या. गावातली दोन रात्रीची सोय, जेवण, सगळं उत्तम झालं. आजोबांनी एक रुपया घेतला नाही. त्यांच्या घरी नेण्यासारखं काही विचाराल तर चांगली सूती दोरी न्या, बैलांसाठी.

आमचा एक निळा फ्रेंड अकराव्या मीटरवर आत सरकून अडकलाय. मागून चढणाऱ्याला अर्धा तास झगडून निघाला नाही. पाकळ्या उलट्या झाल्यात, त्यावर भार देऊ नका, त्याला पकडून वर जाऊ नका. काढता आला तर आजोबांकडे ठेवा. मी जानेवारीत पुन्हा जाणार आहे.