ॲसटीग बेटावर, कापडाच्या घरात तीन रात्री

आमच्या आईंना, म्हणजे सासूबाईंना, खाली बसता येत नाही. दोन्ही गुडघे गेलेत. एकदा बसल्या की उठताना दोन माणसं लागतात. गेल्या खेपेला त्या देवगडहून न्यू जर्सीला आल्या तेव्हा आम्ही तंबू घेऊन कॅम्पिंगला निघालो होतो. त्या म्हणाल्या, "तुमी जावा गो, माका खाली बसूक जमाचा नाय." आम्ही गेलो, पण दोन्ही रात्री मला त्या घरात एकट्या दिसत राहिल्या. परत आल्यावर नवऱ्याला म्हटलं, पुढच्या वेळी आई येतील तेव्हा असं जायचं नाही. एक तर त्यांना घेऊन जायचं, नाहीतर घरी थांबायचं.

मोठी आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घरच, घेणं आमच्या खिशाला परवडणारं नव्हतं, आणि ती उभी करायला अंगणात जागाही नाही. शेवटी जुना पॉप-अप कॅम्पर मिळाला. बंद असताना हा छातीएवढ्या उंचीचा पत्र्याचा पेटारा असतो आणि आमच्या साध्या मिनीव्हॅनमागे निमूट चालतो. मुक्कामाला पोचलं की क्रँक, म्हणजे हाताने फिरवायचा दांडा, फिरवायचा. आतल्या तारा आणि पुल्या छप्पर वर उचलतात, दोन्ही टोकांचे पलंग खणासारखे बाहेर ओढता येतात आणि मधलं कॅनव्हास ताणलं जाऊन भिंती उभ्या राहतात. आत दोन शेगड्या, छोटं सिंक, टेबल आणि दोन बाकडी. हे टेबल खाली पाडून बाकड्यांच्या उंचीला बसवलं की तिसरा बिछाना होतो. टोकाच्या पलंगांवर चढावं लागतं, पण हा बिछाना गुडघ्याएवढाच उंच असतो, घरच्या खाटेसारखा. विकत घेताना मी पहिल्यांदा तेच पाहिलं, स्वतः तीनदा बसून आणि उठून.

ज्या निवृत्त जोडप्याकडून घेतला, त्यांनी सोबत एक वही दिली. पहिल्या पानावर कॅम्पर उभा करायचा क्रम बाईंच्या गोल अक्षरात लिहिलेला होता. आधी चाकाखाली फळ्या सरकवून डावं-उजवं समतल करायचं, चाकांना अडसर लावायचे, मगच गाडीपासून सोडवायचा. पुढच्या जॅकने पुढचं-मागचं बघायचं, चारी कोपऱ्यांचे पाय खाली सोडायचे, त्यानंतर छप्पर, त्यानंतर पलंग, शेवटी दार. 'पाय सोडल्याशिवाय आत पाऊल टाकू नका' या ओळीखाली दोन रेघा होत्या. त्या रेघांचं कारण घरच्या अंगणातच कळलं. आम्ही मागचे पाय सोडायला विसरलो होतो. लेक मागच्या पलंगावर चढली आणि अख्खा कॅम्पर मागे कलला. कुणाला लागलं नाही, पण माझ्या काळजाचं पाणी झालं. तेव्हापासून ती वही उघडल्याशिवाय आम्ही कशालाच हात लावत नाही.

मे महिन्यातला शेवटचा सोमवार म्हणजे मेमोरियल डे, लढाईत कामी आलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा दिवस. शनिवार-रविवार जोडून तीन दिवसांची सुट्टी मिळते आणि पूर्व किनाऱ्यावरचं सगळं समुद्राकडे धावतं. ॲसटीग या अटलांटिक किनाऱ्यावरच्या बेटाच्या नॅशनल सीशोअरमधली, म्हणजे राखीव राष्ट्रीय किनाऱ्यावरची, मुक्कामाची जागा सहा महिने आधी आरक्षित करता येते, म्हणून नोव्हेंबरातच संगणकासमोर बसून घेऊन ठेवली होती. आईंचं तिकीट त्यानंतर निघालं.

न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनहून शुक्रवारी सकाळी निघालो. मागे ट्रेलर असला की गाडीचा स्वभाव बदलतो. ब्रेक लवकर दाबावे लागतात, वळण मोठं घ्यावं लागतं आणि ताशी ६५ मैलांच्या वर आम्ही जातच नाही. डेलावेअर मेमोरियल ब्रिज ओलांडला, मग रूट १, मग ११३. वाटेत एका लहानशा दफनभूमीत कितीतरी थडग्यांवर वीतभर उंचीचे झेंडे रोवलेले दिसले. आईंनी विचारलं, ते कशाला? लेकीने समजावून सांगितलं. आई बराच वेळ मागे वळून त्या झेंड्यांकडे बघत होत्या.

बर्लिन गावाच्या पुढे बेटावर नेणारा पूल लागतो. पुलावर चढलं की खाडी एकदम डोळ्यांत भरते आणि पलीकडे वाळूची लांब, सपाट रेघ दिसते. हे बेट ३७ मैल लांब आहे, वरचा भाग मेरीलँडचा आणि खालचा व्हर्जिनियाचा. १९३३ सालच्या वादळाने वरचा किनारा फोडला आणि ओशन सिटी व ॲसटीग यांच्यामध्ये पाणी घुसलं. पन्नासच्या दशकात इथे प्लॉट पाडून विकले होते, बंगले व्हायचे होते, डांबरी रस्ताही झाला होता. मार्च १९६२ च्या वादळात ते सारं उद्ध्वस्त झालं आणि १९६५ साली बेट राष्ट्रीय किनारा म्हणून राखलं गेलं. वाळूच्या टेकड्यांमधून जाणाऱ्या पायवाटेवर त्या जुन्या रस्त्याचे डांबरी तुकडे अजून दिसतात. ते वादळ झालं नसतं, तर आमच्यासारख्याला इथे तीन रात्री राहायला मिळालं नसतं. त्या तुकड्यांपाशी मी मुद्दाम थांबले.

आमची जागा समुद्राच्या अंगाला होती, मधे फक्त वाळूची टेकडी. वही उघडली, मी मोठ्याने वाचलं, नवऱ्याने आणि लेकीने केलं. क्रँक फिरवायचं काम धाकट्याचं, निम्म्यावर दमला की बाबा हात लावतो. अर्ध्या तासात घर उभं राहिलं. आई घडीच्या खुर्चीवर बसून सगळं पाहत होत्या. भिंती ताणल्या गेल्या तशा म्हणाल्या, "ह्या तर जत्रेतला पाल!" मग दोन पायऱ्या चढून आत गेल्या आणि त्या खालच्या बिछान्यावर बसल्या. बसल्या, आणि कुणाचाही हात न धरता उठल्या. पुन्हा बसल्या. नवरा बाहेर पाण्याची कॅन भरत होता, त्याला हाक मारून मी ते दाखवलं.

इथे वीज नाही, नळजोडणी नाही. पिण्याचं पाणी सामाईक नळावरून आणायचं, आंघोळीला गार पाणी, संडास रसायनाचे. आईंना रात्रीची धास्ती होती, म्हणून पडद्याआड एक पोर्टेबल टॉयलेट ठेवलं होतं. वयस्क माणसाला घेऊन कुणी निघणार असेल तर माझं पहिलं सांगणं हेच, बाकीचं सामान विसरलं तरी चालेल. मुक्कामाच्या जागेपासून संडास किती लांब आहे, यावर त्या माणसाची रात्रीची झोप अवलंबून असते. दुसरं म्हणजे गोधडी. मे अखेरीसही पहाटे चांगलं गारठतं आणि कॅनव्हासच्या भिंती थंडी अडवत नाहीत. आईंनी स्वतःच्या जुन्या लुगड्यांची गोधडी देवगडहून आणली होती, तीच अंगावर घेतली.

शनिवारी पहाटे आईंनी मला हळूच हलवलं. "कोणतरी भायर श्वास घेता गो." मी कान दिला. कापडापलीकडे, माझ्या उशीपासून हातभर अंतरावर, कुणीतरी सावकाश गवत तोडत होतं. झिप चार बोटं उघडली. तपकिरी-पांढरी घोडी होती, पोट ढोलासारखं फुगलेलं, आयाळीत काटक्या अडकलेल्या, आणि तिच्या मागे लुकड्या पायांचं शिंगरू. आई माझ्या खांद्यावरून बघत होत्या. घोडी मान वर करायची, कान हलवायची, पुन्हा चरायची. तिच्या दातांखाली गवत तुटताना होणारा कर्रकर्र आवाज इतका जवळ होता की धाकटा झोपेत कूस बदलला तेव्हा आम्ही दोघींनी श्वास धरला.

हे घोडे पिढ्यान्‌पिढ्या इथे मोकळे आहेत. बुडालेल्या स्पॅनिश जहाजातून पोहत आले अशी गोष्ट सगळे सांगतात. पण सतराव्या शतकात मुख्य भूमीवरच्या मालकांनी जनावरांवरचा कर आणि कुंपणाचा खर्च चुकवायला त्यांना बेटावर आणून सोडलं, हे जास्त संभवतं. खाऱ्या दलदलीतलं गवत खातात, त्यामुळे पाणी फार पितात, म्हणून पोटं तशी फुगलेली. किमान ४० फूट दूर राहायचं असा नियम आहे, पण घोड्यांना तो माहीत नसल्यामुळे ते जवळ आले तर आपण मागे सरायचं. लोक खायला घालतात, फोटोसाठी जवळ जातात, याचा मला खरंच राग येतो. खाण्याची चटक लागलेला घोडा रस्त्यावर, गाड्यांपाशी जाऊन उभा राहतो आणि तिथेच मरतो. आमचं सगळं खाणं रात्री गाडीत कुलूपबंद होतं, भाजणीचा डबासुद्धा.

घोडी गेल्यावर झोप येणार नव्हती. सव्वापाच वाजून गेले होते. आईंच्या काठीचं टोक वाळूत रुततं, म्हणून एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने लेक, असं करत टेकडीमधल्या वाटेने पलीकडे गेलो. आभाळ आधी शेंदरी झालं, मग पाण्याच्या काठावर एक लाल कड दिसली. आईंचं अख्खं आयुष्य समुद्रकाठी गेलंय. पण देवगडला सूर्य मागच्या सड्यावरून उगवतो आणि समुद्रात बुडतो. पाण्यातून वर येणारा सूर्य त्यांनी पंचाहत्तर वर्षांत पाहिला नव्हता. पूर्ण वर येईपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. मग हात जोडले आणि म्हणाल्या, "आमच्याकडे बुडता तो हंयसर येता." लेक भूगोल सांगायला लागली, मी तिला खुणेने थांबवलं.

दुपारी खाडीच्या बाजूला गेलो. तिथे दोरीला कोंबडीची मान बांधून पाण्यात सोडतात आणि दोरी जड झाली की हळूहळू ओढून जाळीने कुर्ली, म्हणजे खेकडा, उचलतात. शेजारी एक कुटुंब तेच करत होतं, त्यांनी मुलांना शिकवलं. दोरी ओढायचा धीर धाकट्याला नव्हता. तो झटका द्यायचा आणि कुर्ली सुटायची. शेवटी आईंनी खुर्ची पाण्याजवळ मांडायला लावली आणि दोरी स्वतःच्या बोटांत घेतली. बोटाबोटाने, पाण्यालाही कळणार नाही अशी ती दोरी वर येत होती. पाच आल्या. निळ्या नांग्यांच्या, चपळ. आईंनी पहिलीला मागच्या पायांजवळ अशी सफाईने धरली की शेजारचे लोक उठून बघायला आले. मापात न बसणाऱ्या दोन सोडून दिल्या. तीन कुर्ल्यांचं सार पाच जणांना पुरवायचं म्हणजे खोबऱ्याच्या दुधाचा डबा आणि घरून आणलेला मालवणी मसाला कामी आला. बाहेरच्या शेगडीवर रटरटत होतं तेव्हा शेजारच्या बाई वास घेत आल्या. त्यांना वाटीभर दिलं. त्यांनी आम्हाला सरपण दिलं, इथलंच विकत घेतलेलं. बाहेरून लाकूड आणायचं नसतं, त्यातून झाडांची कीड पसरते.

तिन्हीसांजेला डास सुटले. खाडीकडून वारा आला की कितीही मलम लावा, टिकत नाही. सगळे आत शिरलो, जाळ्या लावल्या, मधे बॅटरीचा दिवा ठेवला. कॅम्परमध्ये बसायला पाच जणांना जेमतेम जागा होते, गुडघ्याला गुडघा लागतो. पत्ते झाले. मग आईंनी मुलांना त्यांच्या लहानपणीची वादळाची गोष्ट सांगितली, होड्या माडाला बांधून ठेवल्या होत्या ती. घरी याच मुलांच्या हातात फोन असतो आणि आजी दुसऱ्या खोलीत असते. इथे दुसरी खोलीच नव्हती.

रविवारी रात्री पाऊस आला. कॅनव्हासवरचा पाऊस कौलांवरच्या पावसापेक्षाही जवळचा वाटतो. आतून कापडाला हात लावायचा नाही, एवढं मुलांना बजावलं, कारण जिथे हात लागतो तिथून पाणी झिरपायला लागतं. सकाळी थांबला, पण कापड चिंब. तसंच घडी घालण्यावाचून इलाज नव्हता, दुपारच्या आत जागा सोडायची होती. पलंग आत ढकलताना कॅनव्हास चिमटीत येऊ नये म्हणून लेक बाहेरून हाताने सारत होती, कोपरापर्यंत भिजली. निघताना रेंजरच्या कचेरीसमोरचा झेंडा अर्ध्यावर दिसला. मेमोरियल डेला तो दुपारी बारापर्यंत अर्ध्यावर ठेवतात आणि मग वर चढवतात. नवऱ्याने गाडी बाजूला घेतली. आम्ही उतरून मिनिटभर उभे राहिलो.

ओलं कॅनव्हास दोन दिवस बंद राहिलं तर बुरशी धरते आणि मग तो वास आणि ते डाग कशानेही जात नाहीत. म्हणून घरी पोचल्यावर पाठ मोडून आलेली असतानाही नवऱ्याने अंगणातच कॅम्पर पुन्हा उघडला. वही काढली, अडसर, पाय, छप्पर, पलंग. घड्यांमधून ॲसटीगची वाळू डांबरावर सांडली. मी खिडक्यांच्या झिपा उघडत होते, तेवढ्यात आई गोधडी घेऊन बाहेर आल्या.

"सुकासाठी उघडलाच आसा, तर आजची रात हंयसरच निजतंय," म्हणाल्या. धाकटा उशी घेऊन त्यांच्या मागे धावला.