आमची वाटचाल : गिऱ्हाइकाच्या दोन ओळी

वेंगुर्ल्यातलं आमचं कोकमाचं काम आईने सुरू केलं. आमसुलं, आगळ, अमृत कोकम आणि थोडं मुठेल (कोकमाच्या बियांचं थिजलेलं तेल), एवढाच माल. कित्येक वर्षं तो मे महिन्यात गावी आलेल्या चाकरमान्यांच्या पिशव्यांतून मुंबईला जायचा आणि कसा निघाला ते गणपतीत कळायचं. कुणी सांगायचं, यंदा आमसुलं वातड झाली. कुणी आगळाच्या दोन बाटल्या जास्त मागायचं. आई सगळं लक्षात ठेवायची आणि पुढच्या मोसमात भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडायला घेतली की त्या हिशेबाने मीठ आणि उन्हं ठरवायची.

मी धंद्यात आल्यावर आम्ही ऑनलाइन विक्री सुरू केली. २०२० च्या टाळेबंदीत मे महिन्याचं गिऱ्हाईक तुटलं तेव्हा या विक्रीनेच आम्हाला तारलं. पण गणपतीत भेटणारं गिऱ्हाईक वेगळं आणि नागपूरहून ऑर्डर टाकणारं वेगळं. त्याचं तोंड आम्हाला कधी दिसणार नाही. बाटली उघडल्यावर त्याला काय वाटलं, हे त्याने लिहिलं तरच आम्हाला कळणार.

म्हणून "अभिप्राय लिहून आता काय उपयोग, सगळे विकतचेच तर असतात" असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. विकतचे असतात, हे खरं आहे. पाच स्टार घाऊक भावात देतो म्हणून फोन आम्हालाही येतात. पाच स्टार द्या, पैसे परत घ्या अशा चिठ्ठ्या खोक्यात घालणारे विक्रेतेही आहेत. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनी विक्रेत्याला ग्राहक असल्याचं भासवून अभिप्राय लिहायला मनाई केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९०००:२०२२ हे मानक आलं. अभिप्राय कसे गोळा करावे, तपासावे आणि दाखवावे, ते त्यात सांगितलंय. पण ते आलं ते ऐच्छिक म्हणून. कागदावर सगळं आहे आणि फोन अजून येतात.

त्यामुळे स्टारांची किंमत उतरली, हे मी मान्य करतो. कुरिअर उशिरा आलं म्हणून आमसुलांना एक स्टार मिळतो आणि सरासरीत तो कायमचा बसतो. लिहिलेल्या शब्दांचं मात्र तसं नाही. एका गिऱ्हाइकाने आगळाला एक स्टार देऊन लिहिलं, "सरबत म्हणून घेतलं, नुसतं मीठ." बाटलीवर आगळ लिहिलेलं होतं, पण कोकणाबाहेरच्या माणसाला आगळ म्हणजे मिठातला रस आणि सरबताला साखरेतलं अमृत कोकम घ्यायचं, हे कुठून ठाऊक असणार? काही दिवसांनी दुसऱ्या एका बाईंनी लिहिलं, "हे सोलकढीसाठी आहे. नारळाच्या घट्ट दुधात दोन चमचे घाला, वरून मीठ घालू नका." या बाई आमच्या ना नात्यातल्या, ना गावातल्या. त्यांच्या त्या दोन ओळींनी आमच्या जाहिरातीला जमलं नसतं ते काम केलं. आता तीच सूचना आम्ही बाटलीवर छापतो.

नागपूरच्या एका गिऱ्हाइकाने तीन स्टार देऊन लिहिलं होतं, "चव उत्तम. पण बाटली आडवी पडून आली, बुचाच्या आट्यांतून रस झिरपला. बुचाखाली फॉइलचं सील लावा." काय झालं, कुठून झालं आणि त्यावर उपाय काय, सगळं त्यात होतं. नुसतं "छान" लिहिलेले शंभर अभिप्राय मी त्यावरून ओवाळून टाकीन.

सील लावायचं मशीन आम्ही ऑनलाइनच घेतलं. तेव्हा मी खरेदीदार होतो आणि वाचले ते तीन स्टारवालेच अभिप्राय, कारण गुण आणि खोट दोन्ही सांगायची तसदी तेच घेतात. एक पावसाळा मशीन वापरून झाल्यावर मीही सविस्तर लिहिलं: सील पक्कं बसतं, पण आमच्या खाऱ्या हवेत खालचे स्क्रू गंजले, स्टेनलेस स्टीलचे बदलून घ्या. पुढे गुहागरकडच्या एका लोणचेवाल्याने त्याखाली विचारलं, काचेच्या बरणीला चालेल का? हे सील प्लास्टिकच्या बाटलीलाच नीट बसतं, असं मी कळवलं. त्यांचे पैसे वाचले असणार.

विक्रेत्यानेही गिऱ्हाइकाबद्दल लिहावं, ही पद्धत जुनी आहे. ईबे या अमेरिकन ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या साइटने १९९६ मध्ये अभिप्राय सुरू केले तेव्हा दोन्ही बाजू एकमेकांबद्दल लिहीत. पुढे वाईट शेऱ्याला वाईट शेऱ्याने उत्तर मिळू लागलं, गिऱ्हाईक खरं लिहायला बिचकू लागलं, म्हणून २००८ मध्ये विक्रेत्यांची वाईट शेरा देण्याची सोय काढली गेली. विक्रेता असूनही मला तो निर्णय योग्य वाटतो. कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर टाकून दारातून परत पाठवणाऱ्यांनी आमचंही नुकसान केलंय. चार दिवस जायला, चार दिवस यायला, आणि बाटली परत येते ती चेपलेली. तरीही गिऱ्हाइकाला धाक नको. चांगल्या गिऱ्हाइकाला मात्र आम्ही आवर्जून कळवतो. नागपूरच्या त्या गृहस्थांना पहिल्या सीलबंद बाटलीचा फोटो पाठवला होता.

आता एक प्रश्न अभिप्रायांवरच सोडवायचा आहे. भिरंडं पिकतात एप्रिल-मेमध्ये. सालं रसात बुडवून उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची, असं काळी होईपर्यंत. २०२५ मध्ये मे महिन्यातच पाऊस कोसळला आणि अंगणातल्या ताडपत्र्या गुंडाळाव्या लागल्या. उरलेली सालं आम्ही ड्रायरमध्ये वाळवली. रंग छान आला, पण आईच्या मते उन्हातल्या आमसुलांचा वास त्यांना नाही. माझ्या जिभेला फरक कळत नाही, आणि आमच्या दोघांच्या मतांवर ड्रायरचा खर्च ठरवता येणार नाही.

म्हणून ड्रायरमधल्या आमसुलांच्या पाकिटांत आम्ही चिठ्ठी घालतो. तिच्यात स्टार मागितलेले नाहीत. आमटीत की सारात घातलीत, किती वेळात भिजली, आंबटपणा उतरला का, वास कसा वाटला, एवढंच विचारलंय. उत्तरं येताहेत. एका आजींनी सोलापूरहून लिहिलंय, "रंग लगेच सुटतो, वास कमी." ते वाचून आई मान हलवते आणि मी ड्रायरचं तापमान थोडं उतरवून बघतोय.