आमची वाटचाल: पॉलिश पावसाळ्यात मारत नाही

आमचं काम घरांच्या इंटिरियरचं. जून लागला की मी पॉलिशवाल्याला सुट्टी देते, गिऱ्हाईक कितीही घाईचं असो. हवेत ओल असताना मेलामाइन, म्हणजे लाकडावरचं चकचकीत पॉलिश, मारलं की पांढरट पडतं आणि मग ते पुन्हा घासायचं कोणाच्या खर्चानं, यावरून चांगल्या ओळखी तुटतात. त्यामुळे आमच्याकडे पावसाळा म्हणजे मापं, ड्रॉइंग, इलेक्ट्रिकचे पॉइंट, अंदाजपत्रकं. गणपतीपाठोपाठ पितृपक्ष, त्यात नव्या कामाला कोणी हात लावत नाही. सर्वपित्री उलटली की मात्र सगळ्या पुण्याला दिवाळीच्या आत नवं स्वयंपाकघर हवं असतं.

फर्म सुरू झाली २००६ साली, एक ड्रॉइंग बोर्ड आणि एक मिस्त्री एवढ्या भांडवलावर. मिस्त्री राजस्थानातल्या नागौरकडचे. त्यांच्या पेटीतला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, वडिलांच्या वेळचा, लाकडी मूठ हाताच्या घामानं काळी झालेली. लेव्हल बघायला पाणी भरलेली पारदर्शक नळी. पुढे मी लेझर लेव्हल घेतली. ते लाल रेघ आदरानं बघतात आणि मग नळी लावून खात्री करतात. नव्या इमारतींत एक भिंत गुण्यात मिळत नाही, हे त्यांनी मला पहिल्याच साइटवर दाखवलं होतं. कॉलेजात सगळे कोपरे नव्वद अंशाचे असतात.

मधली बरीच वर्षं कामं येत गेली, होत गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या आणि पुढचा शनिवार खर्चीचा, म्हणजे कारागिरांना आठवड्याच्या खर्चाला पैसे द्यायचा. ज्यांनी सुतार सांभाळलेत त्यांना वेगळं सांगायला नको. खर्ची रोख लागते, आणि बँकेतून हातात येणारे पैसे सगळ्या माणसांना पुरणारे नव्हते. गिऱ्हाइकांनी एकामागून एक "जरा थांबूया" म्हणायला सुरुवात केली. थांबली नाहीत ती सहकारनगरच्या काकूंची कामं. आमचं पहिलं स्वयंपाकघर त्यांचंच. तेव्हा वरच्या मजल्याचं चालू होतं. त्या म्हणाल्या, "अगं, माझं नको थांबवूस. पूर्ण रकमेचा चेक घेऊन जा, काम होईल तेव्हा होईल." तो चेक मी भवानी पेठेत टिंबर मार्केटच्या दुकानात फिरवला म्हणून प्लाय आला. मिस्त्रींनी माणसांसाठी किराणा उधारीवर भरला आणि मला एवढंच सांगितलं, "मॅडम, हिसाब बाद में."

सावरतोय तोवर जुलै २०१७ ला जीएसटी आला. प्लायवर २८ टक्के. नोव्हेंबरात तो १८ वर आला, पण आमची अंदाजपत्रकं उन्हाळ्यात सही झालेली. मधल्या महिन्यांतला फरक कोणी दिला? मीच दिला.

त्याच वर्षी कारखान्यात तयार कपाटं आणून बसवणाऱ्या एका मोठ्या मॉड्युलरवाल्यांनी शहरात शोरूम थाटलं. थ्रीडी फुकट, पंचेचाळीस दिवसांत घर तयार, वर हप्त्यांची सोय. माझ्याशी रंग-लॅमिनेटपर्यंत ठरलेली कामं तिकडे गेली. एका कुटुंबानं तर माझंच ड्रॉइंग त्यांच्यापुढे ठेवून भाव काढला. त्याचे पैसे मागितले तर उत्तर आलं, "चित्रच तर काढलंय." हे वाक्य मी अजून विसरलेले नाही आणि विसरायचा विचारही नाही. त्या दिवसापासून आमच्याकडे डिझाइनची फी वेगळी आणि आधी. कोणाला जास्त वाटत असेल तर वाटू दे.

दोन पावसाळ्यांनी त्याच घरातून फोन आला. सिंकखालचं कॅबिनेट फुगलं होतं. लाकडाच्या भुशाचं पार्टिकल बोर्ड तिथे घातलं तर दुसरं काय होणार? भिंत गुण्यात नव्हती, ती फट पट्टी मारून झाकलेली आणि पट्टीमागे झुरळं. मी गेले. कॅबिनेट काढलं, मरीन प्लायचं बसवलं, आणि फी आधी घेतली.

विषय निघालाच आहे तर सांगते. प्लायवर नुसतं "वॉटरप्रूफ" लिहिलेलं बघू नका, शिक्का बघा: ओल्या जागी आयएस ७१०, म्हणजे मरीन प्लाय, बाकी ठिकाणी आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणारा, चालतो. फ्लॅटचा ताबा घेताना बाथरूममध्ये पाणी तुंबवून चोवीस तास ठेवा आणि खालच्या घराचं छत बघून या. पॉइंट काढण्याआधी मिक्सर, ओव्हन, वॉटर प्युरिफायर कुठे ठेवणार ते घरात जी व्यक्ती स्वयंपाक करते तिलाच विचारा. टापकीर गल्लीतून, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रिक बाजारातून, झुंबर आणणार असाल तर आणा, पण स्लॅबमधला हूक आधी ठरवा.

सध्या काकूंच्या मुलाचा बाणेरचा फ्लॅट चालू आहे. त्याला कपाटांना हँडल नसलेले शटर, म्हणजे दारं, हवीत. काकू अधूनमधून येतात, ट्रॉली पूर्ण ओढून बघतात आणि मिस्त्रींना विचारतात, "पिठाचा हात लागला की हे उघडायचं कसं?" मिस्त्री माझ्याकडे बघतात. आता स्वयंपाकघराच्या शटरना खाच येणार आहे, हॉलची तशीच राहतील.

दसऱ्यापर्यंतचं आमचं वेळापत्रक भरलं आहे. मिस्त्रींची माणसं दिवाळीला गावी जातात आणि तुळशीच्या लग्नाच्या सुमारास परततात. आता विचारणाऱ्यांनी त्यापुढची तारीख धरावी, आणि मापं घ्यायला मात्र आत्ताच बोलवावं.