फोगो बेट: खडक न फोडता उभं राहिलेलं गाव

जुलैमध्ये कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळच्या फोगो बेटावर जाऊन आलो. आर्किटेक्चरची आवड असलेल्यांनी फोगो आयलंड इनचे फोटो नक्की पाहिले असतील: उघड्या खडकावर खांबांच्या आधाराने उभं असलेलं लांबलचक हॉटेल. पण त्याची मालकी शोअरफास्ट या धर्मादाय संस्थेकडे आहे आणि खर्च वजा जाता उरलेला पैसा बेटासाठीच वापरला जातो, हे फोटोंत दिसत नाही.

1992 मध्ये सरकारने कॉडच्या मासेमारीवर बंदी घातली आणि पिढ्यान्‌पिढ्या कॉडवर जगणाऱ्या बेटाचा रोजगारच गेला. इथेच वाढलेल्या झिटा कॉब फायबर ऑप्टिक्सच्या उद्योगात पैसा कमावून परतल्या आणि भावांसोबत त्यांनी ही संस्था काढली. आर्किटेक्टही न्यूफाउंडलंडचेच निवडले, टॉड सॉन्डर्स. 29 खोल्यांचं हे हॉटेल 2013 मध्ये सुरू झालं.

हॉटेल समजून घ्यायचं तर आधी टिल्टिंग गावात जा. तिथे मासे उतरवायच्या जुन्या लाकडी शेड आहेत, त्यांना ‘स्टेज’ म्हणतात. मी एकीखाली वाकून पाहिलं. खडकाला कुठे छिन्नीही लागलेली नव्हती. खालचा खडक जसा वर-खाली होतो, तसा प्रत्येक खांब कमी-जास्त उंचीचा कापलेला. सॉन्डर्सनी हीच पद्धत उचलली, आणि म्हणूनच इतकी आधुनिक इमारत तिथे उपरी वाटत नाही. आतल्या गोधड्या बेटावरच्या बायकांनी शिवल्यात. फर्निचरसाठी बाहेरून डिझायनर आले, पण त्यांनी काम केलं ते इथल्या कारागिरांबरोबर. नुसती देखणी इमारत बांधून गाव सावरलं नसतं. हाताला काम मिळालं, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

आता जाणाऱ्यांसाठी. न्यूफाउंडलंडमधल्या गँडरपर्यंत विमान, पुढे भाड्याची गाडी; उन्हाळ्यात ती आयत्या वेळी मिळत नाही, आधीच बुक करा. फेअरवेल धक्क्यापर्यंत साधारण तासाभराची ड्राइव्ह, मग फेरीबोट. गाडी बोटीवर चढवायची तर लवकर जाऊन रांग लावा. वारा किंवा बर्फामुळे फेरी रद्द होते, त्यामुळे परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवाच.

हॉटेलचं भाडं बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचं आहे. आम्ही गावातल्या घरगुती खोलीत राहिलो आणि काहीच चुकल्यासारखं वाटलं नाही. सॉन्डर्सनीच डिझाइन केलेले कलावंतांचे स्टुडिओ पायवाटांनी चालत जाऊन बघता येतात. आत काम चालू असतं, तेव्हा दार ठोठावू नका. हिमनग बघायचे असतील तर मे-जून गाठा. जुलैतही वाऱ्याचं जाकीट लागतंच. जेवणात मासेच मासे, शाकाहारी मंडळींनी पोहे-उपम्याची पाकिटं सोबत न्यावीत.

गोधडी घ्यायची असेल तर बॅगेत जागा ठेवून निघा. किंमत जास्त वाटेल, पण घासाघीस करू नका. शिवणारीला त्यासाठी आठवडेच्या आठवडे बसावं लागतं.