पोटदुखीचा कॉल

कॉलच्या नोंदीत एवढंच होतं: पोटदुखी, उलट्या, वय 19. पुण्याच्या नियंत्रण कक्षात रुग्णवाहिकेसाठी 108 वर फोन करणारा जे सांगतो तेच लिहिलं जातं, आणि पहाटे घाबरलेला माणूस डोळ्यांना दिसतं तेच सांगतो. पोळा तोंडावर आला होता. रात्रभर पाऊस पडून गेलेला. नागपूर जिल्ह्यात उमरेडच्या पलीकडच्या त्या गावात आमची 108 ची गाडी शिरली तेव्हा नुकतं फटफटत होतं. मी त्या गाडीवरची डॉक्टर.

पोरगा जमिनीवर सतरंजीवर पोट धरून बसला होता. आई म्हणाली, "रात्री चांगला जेवला जी. पहाटे उठला, म्हणे पोट दुखून राहिलं. दोनदा ओकला. गावातल्या डॉक्टरनं ॲसिडिटीचं इंजेक्शन देलं."

नाडी, बीपी ठीक. पोट दाबून पाहिलं तर मऊ. एवढं कळवळणाऱ्या माणसाचं पोट इतकं मऊ लागलं की माझी शंका वाढते. मग लक्षात आलं, तो माझ्याकडे बघताना हनुवटी वर उचलत होता आणि कपाळाला आठ्या घालत होता. पापण्या उचलल्या जात नाहीत तेव्हा माणूस नकळत असं करतो. भाऊ म्हणाला, "झोप नाही झाली त्याची." मी पोराला वर बल्बकडे बघत राहायला सांगितलं. थोड्याच वेळात दोन्ही पापण्या हळूहळू खाली आल्या. घसा धरल्यासारखा वाटतो, थुंकी गिळवत नाही, असंही तो म्हणाला. रात्री कुठे झोपला होतास? इथंच, खाली.

"एका दमात आकडे मोज," म्हटलं. सतराला थांबला. धडधाकट पोरगा तिसाच्या पुढे सहज जातो.

मोबाइलच्या उजेडात अंगभर शोधलं. डंखाची खूण नाही, सूज नाही. काका दारातून म्हणाले, "साप असता तर डाग नसता दिसला काय, मॅडम?" नाग किंवा घोणस चावली तर ते बरोबर ठरलं असतं. मण्यारचं तसं नसतं. ती रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, दात इतके बारीक की बऱ्याचदा झोपसुद्धा मोडत नाही. ना आग, ना सूज. पहाटे पोट दुखतं, उलटी होते, घसा धरतो, मग पापण्या पडतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. पावसाळ्यात पहाटेची पोटदुखी आणि पडलेल्या पापण्या एकत्र दिसल्या की साप कोणी बघितला का, हे विचारत बसू नये.

आता प्रश्न होता कुठे न्यायचं. वाटेतल्या सरकारी दवाखान्यात प्रतिविष होतं, व्हेंटिलेटर नव्हता. नागपूरला मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, दोन्ही, पण तिथवर प्रतिविषाविना जाणं मला पटेना. ठरवलं, वाटेत थांबायचं, प्रतिविष सुरू करून घ्यायचं आणि ते संपायची वाट न बघता निघायचं. गाडीतूनच फोन केला. आम्ही पोचेपर्यंत तिथल्या मॅडमनी कुप्या काढून ठेवल्या होत्या. दहा कुप्या सलाइनमध्ये घालून ड्रिप लावली. प्रतिविषाची रिॲक्शन जीवघेणी ठरू शकते, म्हणून ॲड्रिनलिन सिरिंजमध्ये भरून खिशाशी ठेवलं. पोरगा आता एका दमात नऊपर्यंतच मोजत होता. व्हेंटिलेटरची मोठी गाडी मागितली, ती एका अपघातावर गेलेली. आमची बेसिक गाडी. त्यात ऑक्सिजन, सक्शन आणि हातानं दाबून श्वास द्यायची अँबू बॅग.

निघाल्यावर थोड्याच वेळात त्याची छाती हलेनाशी झाली.

मास्क तोंडावर घट्ट बसवायला दोन हात लागतात, बॅग दाबायला तिसरा. आमच्या गाडीत पायलट, म्हणजे ड्रायव्हर, आणि डॉक्टर, दोघंच. पायलट भाऊ स्टेअरिंगवर. मी पोराच्या भावाला समोर बसवलं. "मी चारपर्यंत मोजीन, पाचला दाब. अर्धीच दाब, छाती उचललेली दिसली की सोड." शेतात राबणारा माणूस, हाताला जोर भरपूर. सुरुवातीला त्यानं पूर्ण बॅग पिळली. पोटात हवा गेली तर उलटी होईल आणि याला तर थुंकीही गिळता येत नाही. पुन्हा दाखवलं. दोन मिनिटांत त्याला लय सापडली. अधूनमधून मी मास्क उचलून सक्शननं लाळ ओढत होते. पायलट भाऊंना सांगितलं, आज वेग नको, धक्का नको. कोळशाच्या ट्रकांनी रस्ता फोडून ठेवलेला, एकेका खड्ड्याला मास्क सुटायचा. सायरन चालू ठेवून आम्ही जपूनच चाललो होतो.

पाचगावच्या आसपास भावानं बॅग सोडली. "गेला जी मॅडम. पाहा ना, डोये."

मी पापणी उचलून टॉर्च मारला. बाहुली मोठी, हलत नव्हती. बोलणं नाही, हात उचलला तर लोंबत खाली. कोणीही गेलाच म्हटला असता. पण नाडी बोटाला ठणठणीत लागत होती आणि रक्तातला ऑक्सिजन 96 टक्के होता. मण्यारच्या विषानं बाहुलीचे स्नायूही लुळे पडू शकतात. मेंदूला मात्र ते विष हात लावत नाही. आत माणूस पूर्ण जागा असतो, सगळं ऐकत असतो आणि बोटही हलवू शकत नाही. मी भावाला म्हटलं, "तो ऐकतोय. त्याच्याशी बोल आणि दाब." तो रडत रडत त्याला बैलाचं सांगायला लागला, शिंगं रंगवायची राहिली आहेत म्हणून. विहीरगाव, दिघोरी, सक्करदऱ्याची गर्दी, मेडिकल. तोवर त्याचा हात थांबला नाही.

कॅज्युल्टीत मी एवढंच सांगितलं: मण्यारचा संशय, बाहुल्या मोठ्या आहेत पण शुद्ध आहे असं धरून चला, प्रतिविष सुरू आहे, श्वास आपण देतोय. कोणी उलट प्रश्न विचारला नाही. श्वासनलिकेत नळी घातली गेली, व्हेंटिलेटर लागला. हे विष नसांची टोकंच खराब करतं, ती भरून यायला दिवस लागतात. एकदा झालेलं नुकसान प्रतिविष परत फिरवत नाही. तोवर श्वास चालू ठेवणं हाच उपचार. पोरगा काही दिवसांनी व्हेंटिलेटरवरून निघाला. दुसरा पेशंट सोडायला गेले तेव्हा त्याला वॉर्डात भेटले. त्यानं भावाचं "गेला जी" ऐकलं होतं. बैलाचंही ऐकलं होतं.

हे लिहायचं कारण म्हणजे गाडीत डॉक्टर कशाला, हा प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो. महाराष्ट्रात ही सेवा 2014 मध्ये सुरू झाली, 937 गाड्यांची, त्यातल्या 233 व्हेंटिलेटरवाल्या आणि प्रत्येक गाडीत डॉक्टर, बहुतेक आमच्यासारखे आयुर्वेद नाहीतर होमिओपॅथीवाले. इतर अनेक राज्यांत गाडीत तंत्रज्ञ असतो. फ्रान्समध्ये 15 नंबरवर गंभीर पेशंटकडे डॉक्टर जातो, अमेरिकेत पॅरामेडिक. बेलफास्टला 1966 मध्ये हृदयविकाराची फिरती गाडी सुरू झाली तेव्हा तिच्यात डॉक्टरच होता, आणि पुढे अमेरिकेनं ते काम पॅरामेडिकच्या हाती दिलं, तेही उत्तम चाललं. त्यामुळे डॉक्टरशिवाय जमतच नाही, असं मी म्हणणार नाही. बाळंतपणं आणि एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात हलवणं चांगला शिकलेला तंत्रज्ञ नीट करतो.

पण त्या पहाटे कॉल पोटदुखीचा होता. पोटदुखी म्हणून पेशंट उचलून जवळच्या दवाखान्यात सोडला असता तर नियमात बसलं असतं. आजाराचं नाव घरातच बदललं, वाटेतला थांबा आणि शेवटचं ठिकाण त्यावर ठरलं, आणि बाहुल्या पाहूनही बॅग चालू राहिली. डॉक्टरचा उपयोग मला या तीन ठिकाणी दिसतो. भारतात सर्पदंशानं वर्षाला सरासरी 58 हजार माणसं जातात असा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे, बहुतेक खेड्यांतली. मण्यारचा पेशंट वाटेतच श्वास सोडू शकतो.

म्हणून माझं मागणं नेमकं आहे. गाडीतल्या प्रत्येक डॉक्टरला दर वर्षी काही दिवस मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये भूल देणाऱ्यांच्या हाताखाली ठेवा. मास्क धरणं आणि नळी घालणं हे पुतळ्यावर शिकून हातात बसत नाही. पावसाळ्यात उमरेड, भिवापूर, कुहीच्या बाजूला तरी एक व्हेंटिलेटरची गाडी कायम उभी ठेवा. आणि बेसिक गाडीत तिसरा माणूस द्या, कारण दर वेळी भाऊ सोबत असेलच असं नाही.